कानांक लाव, तोंडाक नाय

गिरपांची सँट्रो उतरणीला लागली
की मासळीबाजारातल्या बायका
सुरमईवरचा कोयता तसाच धरून म्हणायच्या,
"इलो बघ, डुकार घेवन."
इतकी ती किंचाळायची.
वळणावर एकदा, दीपगृहाखाली एकदा,
आणि खतांच्या दुकानापाशी
थांबता थांबता लांबलचक,
जसं कुणी पाटीवर नख ओढतंय
आणि ओढतच राहिलंय.

मी तेव्हा सतरा वर्षांचा,
बस्त्याव मेस्त्रींच्या गॅरेजात सहा महिने जुना,
म्हणजे मला सगळं येत होतं.
मेस्त्री मयताला गेले होते, उभादांड्याला.
गिरप म्हणाले, "आवाज तेवढा बंद कर रे."
मी चाक काढलं,
डब्यातलं पिवळं ग्रीस दोन बोटांवर घेतलं
आणि जिथे घासतं असं दिसलं
तिथे लावलं.
पॅडच्या तोंडाला. डिस्कला, दोन्ही अंगांनी.
हात पुसले. शंभर रुपये घेतले.

सँट्रो उतरली ती इतकी गप्प
की एकाही कोयत्याने मान वर केली नाही.
वळण गप्प.
दीपगृह गप्प.
दुकान आलं, गेलं.
पुढे खारवलेल्या बांगड्यांचे तट्टे,
त्यापुढे निळ्या जाळ्यांचा ढीग,
त्यापुढे फक्त समुद्र होता,
पण जाळ्यांनी धरलं.
गिरप बाहेर आले तेव्हा पायात एकच चप्पल होती
आणि टपावर बांगडा.

वाटलं, मेस्त्री मारतील.
ते मयताच्याच कपड्यांत आले, काळी पँट, पांढरा शर्ट,
वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पॅड ठेवला.
"ह्येका कान आसत, बघलंस?"
खरंच होते. दोन टोकांना दोन,
बोटाच्या पेराएवढे.
"हे कान खाचेत सरकतत. हयसर खारो वारो.
गंज धरता, कान अडकतत.
मगे पॅड धड फुडे येयना, धड मागे जायना,
थंयच थरथरता. थरथरता म्हणान बोंबलता.
कानांक लाव. पाठीक लाव.
तोंडाक नाय."

तोंडाला पानं पुसतात माणसं.
मी ग्रीस पुसलं होतं.

मग त्यांनी मेरीच्या तसबिरीमागून एक ट्यूब काढली,
सिलिकॉनची, कसलाच वास नसलेली.
कॅलिपरच्या पिना ओढल्या तर एक आली,
दुसरी आलीच नाही.
रबराची टोपी फुगून बसली होती,
कुणीतरी कधीतरी साधं ग्रीस भरलेलं.
ती पिन काढायला संध्याकाळ गेली.
पॅड तर फेकलेच. एकदा तेल प्यालेला पॅड
सुधारत नाही.
तसाही तो कुडाळच्या फुटपाथवरचा होता,
पाठीला पत्रा नाही, अंगभर लोखंडाचा चुरा.
"ह्यो मुक्यान चलतलो कसो?" मेस्त्री म्हणाले,
आणि नव्याचे पैसे
माझ्या पगारातून कापले.

आता गॅरेज माझं आहे.
तारेच्या ब्रशने खाच घासतो, क्लिपा नव्या घालतो,
आणि पापडाच्या पोळपाटाला लावतात
तेवढंच ग्रीस, बोटाने, कानांना.
डिस्कला हात लागला तर पुसतो, परत पुसतो.
बाजारातून जाताना अजून कुणीतरी विचारतंच,
"काय रे, बांगडे सुकले?"

परवा गिरपांची मुलगी आली, नवी गाडी घेऊन.
म्हणाली, सकाळी कुरकुरते.
मी विचारलं, किती वेळ?
पहिले दोन ब्रेक, मग नाही.
चाकाला हातही लावला नाही मी.
रात्री दव पडतं, डिस्कवर तांबूस साय धरते,
दोन ब्रेकांत निघून जाते.
"मग काय करू?"
काही नको.
समुद्रापाशी झोपलेली गाडी आहे,
उठल्या उठल्या
तेवढं बोलू दे तिला.